अक्कलकोट रोडवरचा स्विंग

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी आणि टेरी टॉवेलचे कारखाने शेजारी शेजारी आहेत. तिथे जुन्या धोट्याचा माग चालू असेल, तर बाकीच्या गोंगाटातून त्या एकाच मागावर कान लावा. ठोके एका ठरावीक चक्रात पडतात, पण सारख्या अंतरावर पडत नाहीत. एक लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब. जॅझवाले याच प्रकाराला स्विंग म्हणतात, आणि संगीत लिहिण्याच्या सॉफ्टवेअरला तो वाजवून दाखवताना आजही घाम फुटतो. माग आणि लय यांच्या या नात्यात इतक्या गमती आहेत, की त्या एकदा ओळीने सांगून टाकाव्यात असं वाटलं.

३६० अंशांतला ठेका

वस्त्रोद्योगाच्या पुस्तकांत मागाच्या एका फेऱ्याचे ३६० अंश मोजतात. फणी बाण्याचा धागा ठोकते तो शून्य अंश. साधारण ८० अंशांवर दांडा धोट्याला टोला देतो. धोटा ताण्यातून पलीकडे जातो आणि २७० अंशांच्या आसपास समोरच्या पेटीत थडकतो. मग पुन्हा फणीचा ठोका. माग कसा बसवला आहे त्यावर हे अंश थोडे इकडेतिकडे होतात, पण क्रम हाच.

आता हिशोब करू. मिनिटाला १२० फेरे धरले, तर एक फेरा ५०० मिलिसेकंदांचा. दांड्याचा टोला बाजूला ठेवला, तर फणीच्या ठोक्यापासून धोटा थडकेपर्यंत त्यातले ३७५ जातात, आणि तिथून पुढच्या ठोक्यापर्यंत उरतात १२५. म्हणजे तीनास एक! संगीताच्या भाषेत हा चांगलाच जड स्विंग झाला.

ही असमानता मुद्दाम ठेवलेली आहे, हे मला फार आवडतं. फणी मागे सरलेली असते तेव्हाच धोट्याला वाट मिळते. म्हणून फणी हलवणारा क्रँक आणि त्याचा जोडदांडा यांची लांबी अशी धरतात, की फणी मागच्या टप्प्यात जास्त वेळ रेंगाळावी आणि पुढे येताना झपकन येऊन जोरात ठोकावी. सगळं समान वेगाने चाललं असतं तर धोट्याला पुरेसा वेळ मिळाला नसता आणि कापडाला घट्टपणा आला नसता.

टेरी टॉवेलची तऱ्हा आणखी निराळी. त्यात फणी दोन धागे कापडाच्या कडेपासून थोडं अंतर राखून ठोकते आणि तिसऱ्या वेळी तिन्ही मिळून पुढे ढकलते. त्या तिसऱ्या ठोक्याला सैल ताणा वर उचलला जातो आणि टॉवेलवरचे फासे तयार होतात. दोन हलके, एक पूर्ण. दोन हलके, एक पूर्ण. सोलापूरचा टॉवेल तीन मात्रांत विणला जातो.

चादरीतून पियानोकडे

सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्डवर येते. या चादरीला आणि इथल्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. जकार्डची जुनी पद्धत अशी: पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर भोकं पाडायची, पट्ट्या माळेसारख्या शिवायच्या, जिथे भोक तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, जिथे भोक नाही तिथे तो खालीच राहतो. आता अनेक कारखान्यांत इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं आहे, पण तत्त्व तेच.

जोसेफ मारी जकारने हे यंत्र फ्रान्समधल्या ल्यों शहरात १८०४च्या सुमारास पुढे आणलं. त्याच ल्योंमधल्या क्लोद फेलिक्स सेत्र याने १८४२ साली भोकांच्या पुठ्ठ्यावर वाजणाऱ्या वाद्याचं पेटंट घेतलं. कापडात फूल उमटवणारं भोक आता सूर काढू लागलं! पुढे कागदाच्या गुंडाळीवर चालणारा स्वयंचलित पियानो आला. आज कुठल्याही संगणकावर संगीत जुळवताना आडव्या पट्ट्यांची जी खिडकी उघडते, तिला ‘पियानो रोल’ म्हणतात ते याच गुंडाळीवरून. रेकॉर्डिंग स्टुडिओतला तरुण दिवसभर पियानो रोलमध्ये पट्ट्या सरकवतो, तेव्हा तो जकार्डच्या कारागिराचा दूरचा भाऊच असतो.

आणि एक नाव विसरून चालणार नाही. १८४३ साली अ‍ॅडा लवलेसने चार्ल्स बॅबेजच्या नियोजित यंत्रावर टिपणं लिहिली. जकार्डचा माग फुलंपानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल, असं त्यांत आहे. सुरांमधले संबंध नियमांत बसवता आले तर हे यंत्र संगीतही रचू शकेल, हेही त्याच टिपणांत आहे. माग, गणित आणि संगीत या तिघांना तिने एका जागी बसवलं, तेव्हा विजेचा दिवासुद्धा घरोघरी पोचला नव्हता.

पण स्विंग त्याहून जुना

सेत्रच्याही आधी, १७७५ साली, फ्रान्समधल्या आंग्रामेल नावाच्या धर्मगुरूने एक पुस्तक छापलं. खिळे ठोकलेल्या पिंपावर चालणाऱ्या वाद्यांत खिळा नेमका कुठे ठोकायचा, याचं ते शास्त्र. त्यात त्याने बजावून सांगितलं, की कागदावर सारखे दिसणारे सूर वादक सारखे वाजवत नाहीत, म्हणून खिळेही सारख्या अंतरावर ठोकू नयेत. कुठल्या चालीत लांब-आखूडचं किती प्रमाण, तेही त्याने मोजून दिलं.

त्या काळात फ्रान्समध्ये सूर असमान वाजवण्याची रीतच होती. थोर हार्प्सिकॉर्डवादक फ्रांस्वा कूपरँ १७१६ साली लिहून गेला होता, की आपण लिहितो एक आणि वाजवतो वेगळं. न्यू ऑर्लिन्समध्ये जॅझ जन्माला यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती. यंत्राकडून डौलदार वाजवून घेण्याचा पहिला गंभीर प्रयत्न मी आंग्रामेलच्या नावावर लिहीन.

तर स्विंग म्हणजे किती?

एक मात्रा घ्या. तिच्यात दोन सूर. कागदावर ते सारखे: अर्धा आणि अर्धा. स्विंगमध्ये पहिला लांबतो, दुसरा आखडतो. मिनिटाला १२० मात्रा, म्हणजे एक मात्रा ५०० मिलिसेकंद, असं धरलं तर:

सरळ वाजवलं तर २५० आणि २५०. हे ५० टक्के.
साठ टक्के म्हणजे ३०० आणि २००.
दोनास एक म्हणजे साधारण ३३३ आणि १६७. हे ६६.७ टक्के.
तीनास एक म्हणजे ३७५ आणि १२५. हे ७५ टक्के. आपल्या मागाचं प्रमाण!

सगळी गंमत ५० आणि ७५ यांच्यामध्ये घडते. म्हणजे फक्त १२५ मिलिसेकंदांच्या पट्ट्यात. डोळ्याची एक उघडझाप होते तितकाही हा वेळ नसेल, पण कानाला त्यातला फरक लख्ख कळतो. सरळ वाजलेलं गाणं शाळेच्या कवायतीत उभं राहतं, साठ टक्क्यांवर ते चालायला लागतं, आणि सहासष्टावर त्याची कंबर हलते.

भातखंड्यांच्या चंद्रकोरीत स्विंग

इथे मला जे सापडलं त्याने मी हरखून गेलो. इंग्रजी पद्धतीच्या स्वरलिपीत स्विंग लिहायची सोय अवघडच. दोन सारखे सूर लिहायचे आणि पानाच्या डोक्यावर ‘स्विंग’ म्हणून शेरा मारायचा, किंवा दोन सुरांचं चिन्ह बरोबर तीनातल्या दोन-एकाचं चिन्ह असं छोटं समीकरण छापायचं. बाकी वादकाच्या समजुतीवर.

पंडित विष्णु नारायण भातखंड्यांच्या लिपीत मात्र हे सहज लिहिता येतं. तिथे एका मात्रेतले सूर एका चंद्रकोरीत बसतात आणि सूर लांबवायचा असेल तर आडवी रेघ देतात, गाण्याचं अक्षर लांबवायचं असेल तर अवग्रह. इथे मी सुरांनाही अवग्रहच लावतो. मग पाहा:

‘सारे’ एका कोरीत: पन्नास टक्के, सरळ.
‘साऽरे’: तीन भाग, दोन सा-ला, एक रे-ला. ६६.७ टक्के.
‘साऽऽरे’: चार भाग, तीनास एक. ७५ टक्के.
‘साऽऽरेऽ’: पाच भाग, तीनास दोन. बरोबर ६० टक्के.
‘साऽऽऽरेऽऽ’: सात भाग, चारास तीन. ५७.१ टक्के.
‘साऽऽऽऽरेऽऽऽ’: नऊ भाग, पाचास चार. ५५.६ टक्के.

तीन, चार, पाच, सात, नऊ. तालाच्या जातींशी ओळख असलेल्याला हे आकडे पाठच असतात: तिस्र, चतुस्र, खंड, मिश्र, संकीर्ण. पाचही जाती स्विंगच्या पायऱ्या झाल्या! सर्वांत जड पायरी चतुस्राची, मग तिस्र, मग खंड, मिश्र आणि सरळच्या अगदी जवळ संकीर्ण. जॅझच्या पुस्तकांत ‘हलका स्विंग’, ‘मध्यम स्विंग’, ‘जड स्विंग’ अशी मोघम नावं असतात. आपल्या तबलजीला हाच फरक जातीच्या नावाने सांगता येईल आणि तो तिथल्या तिथे हातातून काढून दाखवेल.

तबल्याचे विद्यार्थी कायदा वेगवेगळ्या जातींत बसवण्याचा रियाज करतात. त्यात मात्रेचे सगळे भाग समान असतात, स्विंगमध्ये ते जोडून दोनच सूर उरतात, एवढाच फरक. पण मात्रेचे पाच किंवा सात समान भाग मनात धरायचं कौशल्य दोन्हीकडे एकच लागतं. आपल्याकडची मुलं स्विंग शिकायला परक्या वाटेने जातात, याचं मला वाईट वाटतं. वाट घरातूनच निघते.

चौपन्नची जादू

अमेरिकेतल्या रॉजर लिनने १९८० साली एलएम-१ हे ड्रम वाजवणारं यंत्र बाजारात आणलं. त्यात खऱ्या ड्रमच्या आवाजांचे नमुने होतेच, शिवाय स्विंगचा आकडा निवडायची सोय होती. लिनचं निरीक्षण असं, की मात्रेचे चार भाग करून वाजणाऱ्या ठेक्यात नुसते ५४ टक्के दिले तरी ठेका सैलावतो, आणि ऐकणाऱ्याला तो स्विंग वाटतही नाही. जरा संथ गतीत ६२ टक्के हे ६६ पेक्षा जास्त मोकळे वाटतात, असंही तो सांगतो.

या ५४ ते ६२च्या पट्ट्यात कोण कोण बसतं? संकीर्ण, मिश्र आणि खंड. तिन्ही.

सॉफ्टवेअरच्या पोटात

म्यूझस्कोर हा संगीत लिहिण्याचा फुकट आणि खुला कार्यक्रम. वर्नर श्वेअर या जर्मन प्रोग्रामरने २००२च्या सुमारास त्याची सुरुवात केली. त्यात एक मात्रा ४८० कणांची असते. सरळ वाजवताना दुसरा सूर २४०व्या कणावर पडतो. पानावर ‘स्विंग’ हा मजकूर टाकला की तो २८८वर सरकतो, म्हणजे ६० टक्के. म्हणजे म्यूझस्कोरचा न मागता मिळणारा स्विंग खंड जातीचा आहे. त्याच्या गुणधर्मांत जाऊन आकडा बदलता येतो. ३२० कणांवर तिस्र, ३६० वर चतुस्र.

कागदावरचं चिन्ह मात्र हलत नाही, ते तसंच सरळ राहतं. फक्त वाजणं हलतं. या एका निर्णयात बरंच शहाणपण आहे. कारण वादकाला वाचायला सोपं हवं आणि कानाला डौलदार हवं, या दोन गरजा वेगळ्या आहेत.

सिबेलियस हे दुसरं सॉफ्टवेअर बेन आणि जोनाथन फिन या इंग्लंडमधल्या जुळ्या भावांनी केलं आणि १९९३ साली विकायला काढलं. त्यात ठेक्याच्या ढंगांची यादीच असते: हलका स्विंग, जड स्विंग, शफल, फंक, सांबा, रेगे. व्हिएनीज वॉल्ट्झही त्यात आहे, कारण व्हिएन्नात तीनातली दुसरी मात्रा जरा आधी येते. आणि आंग्रामेलच्या काळातली ती फ्रेंच असमानताही आहे! पुढे सिबेलियसच्या मूळ चमूतली मंडळी स्टाइनबर्ग कंपनीकडे गेली आणि २०१६ साली त्यांनी डोरिको हे नवं सॉफ्टवेअर आणलं. १९८८ पासून चाललेल्या फिनालेचा विकास ऑगस्ट २०२४मध्ये थांबला. त्याबरोबर अनेक संगीतकारांच्या सवयीही मोडल्या.

लिलिपाँडची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. हान-वेन निनहाउस आणि यान निउवेनहाउझेन या दोन डच मित्रांनी १९९६ साली सुरू केलेला हा प्रकल्प. इथे माऊसने सूर टिपायचे नाहीत; सगळं संगीत अक्षरांत लिहायचं आणि मग ते सुंदर छापून घ्यायचं. कोरलेल्या जुन्या धातूच्या पत्र्यांवरून निघायची तशी छपाई हा त्यांचा ध्यास. वाजवणं दुय्यम. म्हणून त्यात स्विंगसाठी वेगळी जोडफाईल लागते. तिच्यात तुम्ही वजनांची यादी देता: दोन आणि एक, किंवा तीन आणि दोन. म्हणजे पुन्हा अवग्रह मोजणंच!

आणि इथेच सगळ्यांत मजेदार अडचण येते. यंत्र जोड्या मोजतं पहिल्या सुरापासून. पण गाणं अर्ध्या मात्रेवर उठलं तर? पहिला सूर हा खरं तर जोडीतला दुसरा, आखूड सूर. यंत्र त्याला लांब समजतं, आणि पुढचं अख्खं गाणं उलटं झुकतं: आखूड तिथे लांब, लांब तिथे आखूड. लिलिपाँडमध्ये म्हणून आणखी एक आज्ञा आहे, जोडी कुठून मोजायची तेवढंच सांगणारी. मराठी गाण्याला ही सोय फार लागते. आपले कितीतरी मुखडे समेच्या आधी, मात्रेच्या पोटातून उठतात. भावगीत संगणकावर उतरवताना ते विचित्र अडखळत असेल, तर बहुधा हेच झालेलं असतं.

दुसरी खोच तिप्पटांची. मात्रेत तीन समान सूर लिहिले असतील तर त्यांना पुन्हा झुकवायचं नसतं. ते आधीच तिस्रात बसलेत. आणि एकाच वेळी बासरी चार भागांत आणि पियानो दोन भागांत वाजत असेल तर कोणाला किती झुकवायचं? दोन भागांतला दुसरा सूर आणि चार भागांतला तिसरा सूर एकत्रच पडायला हवेत. एकाला हलवलं आणि दुसऱ्याला नाही, की वाद्यमेळ फाटतो. माणसं एकमेकांकडे बघून हे क्षणात जुळवतात. यंत्राला एकेक नियम लिहून द्यावा लागतो.

फाईल बदलली की डौल गळाला

एका सॉफ्टवेअरमधलं संगीत दुसऱ्यात न्यायला दोन वाहनं आहेत. मिडी १९८३चं. मिडीच्या फाईलमध्ये लय किती, ताल किती हे सांगता येतं, पण स्विंग म्हणून वेगळी नोंदच नाही. सरकवलेले सूर तसेच सरकवलेले जातात. मग दुसऱ्या बाजूला ती फाईल उघडली की पानावर विचित्र तुकड्यांचा चिवडा दिसतो, कारण वाचणाऱ्या यंत्राला वाटतं की तुम्हाला खरंच २८८ कणांचा सूर लिहायचा होता.

दुसरं वाहन म्यूझिकएक्सएमएल. त्याची १.० आवृत्ती २००४ची. स्विंग सांगण्याची अधिकृत जागा त्यात आली २०२१मध्ये, ४.० आवृत्तीत. सतरा वर्षं! आता त्यात पहिल्या सुराचा एक पूर्णांक आणि दुसऱ्याचा एक पूर्णांक लिहिता येतो. तीन आणि दोन. चार आणि तीन.

वेग वाढला की स्विंग ओसरतो

स्टॉकहोमच्या केटीएच संस्थेतल्या अँडर्स फ्रीबर्ग आणि आंद्रेआस सुंडस्ट्रॉम यांनी नामवंत जॅझ ड्रमरांच्या ध्वनिमुद्रणांतल्या झांजेचे ठोके मोजले आणि २००२ साली निष्कर्ष छापले. संथ लयीत प्रमाण साडेतीनास एकपर्यंत जातं. लय वाढत जाते तसं ते सरळ रेषेत उतरतं, आणि मिनिटाला ३०० मात्रांच्या आसपास दोन्ही सूर समान होतात. मध्यम आणि जलद लयीत आखूड सूर मात्र जवळपास १०० मिलिसेकंदांवरच थांबून राहतो. जणू त्याहून आखूड व्हायला हातही तयार नाही आणि कानही.

म्हणजे ‘योग्य’ आकडा एक नाही. मिनिटाला २०० मात्रा असतील तर मात्रा ३०० मिलिसेकंदांची. तिस्राने वाटलं तर २०० आणि १००. तिथे तिस्र छान बसतो. पण ८०च्या लयीत मात्रा ७५० मिलिसेकंदांची होते आणि तोच तिस्र फिका वाटू शकतो. संगणकावर गाणं लिहून नंतर लय बदललीत, तर स्विंगचा आकडाही बदलून पाहायलाच हवा. मला विचाराल तर सॉफ्टवेअरच्या वापरात सगळ्यांत जास्त दुर्लक्ष याच गोष्टीकडे होतं.

तीस मिलिसेकंदांचा उशीर

जर्मनीतल्या ग्योटिंगेनचे कोरेंतां नेलियास, थिओ गाइझेल आणि त्यांचे सहकारी वेगळ्याच मागावर होते. २०२२ साली त्यांनी दाखवलं, की स्विंग फक्त लांब-आखूडमध्ये नसतो. एकल वादक मात्रेच्या ठोक्यावर बाकीच्या साथीपेक्षा किंचित मागे येतो, साधारण ३० मिलिसेकंद. मात्रेच्या मधला सूर मात्र साथीबरोबर वाजतो. संगणकाने पियानोच्या ध्वनिमुद्रणांत असाच उशीर घातल्यावर जाणकारांनी ती जास्त स्विंगदार ठरवण्याची शक्यता सातपटीहून अधिक निघाली.

मैफलीत समेवर अगदी नेमकं न येता क्षणभर मागून अलगद उतरणारे गवय्ये आपण ऐकले आहेत. त्या वेळी सभागृहातून ‘वा’ उठते. ग्योटिंगेनने तिला आकडा दिला.

ताज, आल्डोना आणि पुणतांबे

स्विंगचा हा डौल मुंबईत आला तो समुद्रमार्गे. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी आपल्या कृष्णवर्णीय वादकांचा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले. त्यांचं ऐकून गोव्याचे वादक तयार झाले. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत, त्यामुळे कागद हातात पडला की वाजवायला ही मंडळी सज्ज. आल्डोनाचे अँटोनियो झेवियर वाझ ट्रम्पेट घेऊन मुंबईत आले आणि चिक चॉकलेट या नावाने गाजले.

अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातल्या पुणतांब्याचे संगीतकार रामचंद्र चितळकर, अर्थात सी. रामचंद्र, आणि चिक चॉकलेट यांची जोडी जमली. १९५१च्या ‘अलबेला’तला डौल याच जोडीचा. चिक चॉकलेट आणि त्यांचे साथीदार त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. भगवानदादांची ती नाचण्याची ढब आठवा: पाय सरळ मात्रेवर पडतच नाहीत, खांदे दर वेळी थोडे उशिरा येतात.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस याच परंपरेतले. संगीतकार प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन यांनी त्यांच्याकडे व्हायोलिनचे धडे घेतले, आणि १९७७ साली प्यारेलालनी एका गाण्यातून गुरूचं नाव देशभर पोचवलं. त्यांच्यासारखे संयोजक वाद्यमेळाचे कागद रात्रीतून लिहून काढत. त्या कागदांवर सूर सरळच असत. स्विंग लिहावाच लागत नसे, कारण समोर बसलेल्या प्रत्येकाच्या हातात तो होता. आज सॉफ्टवेअरला टक्के सांगावे लागतात, ते त्या स्टुडिओत कोणालाच सांगावे लागले नाहीत.

टांगा

ओ. पी. नय्यर यांचा ‘टांगा ठेका’ सगळ्यांना माहीत आहे. ‘नया दौर’, १९५७. घोड्याच्या टापा संगणकावर ५० टक्क्यांवर लावल्या तर घोडा लंगडतो. ६६वर आणा, तो धावतो.

आता भजनी

वारकरी भजनातला भजनी ठेका आपल्या कानावर लहानपणापासून पडलेला. पखवाजाचा हात लांब-आखूड पडतो आणि टाळांना त्याचाच झोक मिळतो. तो ठेका सॉफ्टवेअरमध्ये सरळ टंकून पाहा. सगळे बोल बरोबर, मात्रा बरोबर, आणि तरीही ते भजन नव्हे. सिबेलियसच्या त्या यादीत व्हिएन्नाचा वॉल्ट्झ आहे, ब्राझीलचा सांबा आहे, जमैकाचा रेगे आहे. भजनी नाही. तो ठेका तिथे असावा असं मला अगदी मनापासून वाटतं, आणि त्यासाठी कोणा परदेशी संस्थेची वाट पाहायची गरज नाही.

काम असं करता येईल. फोन पखवाजाजवळ ठेवून भजनाचं ध्वनिमुद्रण करायचं. ऑडॅसिटीसारख्या मोफत कार्यक्रमात ते उघडलं की प्रत्येक थाप उंच शेंड्यासारखी दिसते. मात्रेवरच्या थापेपासून मधल्या थापेपर्यंतचं अंतर मोजायचं, त्याला पुढच्या मात्रेपर्यंतच्या अंतराने भागायचं आणि शंभराने गुणायचं. अशा पुष्कळ मात्रांची सरासरी काढायची. भजन सुरुवातीला संथ असतं आणि शेवटी चढतं, तेव्हा दोन्ही टोकांचे आकडे वेगळे ठेवायचे. फ्रीबर्गची उतरती रेघ भजनालाही लागू पडते का, ते त्यातूनच कळेल. मग आकडा कुठल्या जातीच्या जवळ जातो ते पाहायचं.

सोलापूरसारखी जागा या कामाला मिळायची नाही. इथे भजन मराठीत होतं, तेलुगूत होतं आणि कन्नडमध्येही होतं. पंढरपूर याच जिल्ह्यात. तिन्ही भाषांच्या भजनांचे आकडे एकाच तक्त्यात मांडले, तर ते एकाच पायरीवर येतात की भाषागणिक हलतात? मागाचे अंश मोजायची सवय असलेल्या वस्त्रोद्योगाच्या विद्यार्थ्याला हे मोजमाप मुळीच अवघड नाही. आणि उत्तर मिळालं की ते साठवायची जागा तयार आहे: म्यूझिकएक्सएमएलच्या त्या दोन रकान्यांत, पहिल्या सुराला एक पूर्णांक, दुसऱ्याला एक.